घटक ४ : कल्पित विश्वातील स्वातंत्र्यप्रिय समाज – रोहानच्या रोहिरिमांची संस्कृती आणि चालीरीती

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –

• अद्भुतरम्य कादंबरीतील कल्पित समाजाची संस्कृती कोणत्या घटकांतून उभी राहते, हे सांगता येईल.
• टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील रोहिरिम या लोकसमूहाच्या प्रमुख चालीरीतींचा परिचय करून देता येईल.
• चालीरीती आणि जीवनमूल्य यांतील नाते उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• ‘स्वातंत्र्य’ या मूल्याची कादंबरीत कशी परीक्षा होते, याचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, वास्तववादी कादंबरी लिहिणाऱ्या लेखकाला एक मोठी सोय असते. तो ‘वाडा’, ‘पंगत’ किंवा ‘वारी’ असा एखादा शब्द लिहितो आणि त्या शब्दामागचे सारे जग वाचकाच्या मनात आपोआप उभे राहते. त्या जगातील नाती, मानपान, विधिनिषेध वेगळे सांगावे लागत नाहीत. अद्भुतरम्य कादंबरीच्या लेखकाला ही सोय नसते. त्याने निर्माण केलेल्या समाजात पाहुण्याचे स्वागत कसे होते, मृतांना निरोप कसा दिला जातो, वचन मोडणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे सर्व त्याला नव्याने घडवावे लागते. ही घडण पोकळ असेल, तर समाज नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या गावासारखा दिसतो. ती सखोल असेल, तर वाचक त्या समाजाला खरा मानू लागतो.

या घटकात आपण अशाच एका समाजाचा अभ्यास करणार आहोत. हा समाज म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीतील रोहान राज्याचे रोहिरिम. हे लोक स्वतःला सर्वांत आधी स्वतंत्र समजतात. परक्या सत्तेची चाकरी न करता, आपल्या रीतीने आपल्या भूमीवर जगावे, एवढीच त्यांची इच्छा असते. त्यांच्या चालीरीती या इच्छेशी कशा जोडल्या आहेत, हे आपण प्रथम पाहू. त्यानंतर एका अधिक कठीण प्रश्नाकडे वळू : स्वतःच्या स्वातंत्र्यावर प्रेम करणारा समाज दुसऱ्याच्या स्वातंत्र्याचाही आदर करतोच का?

४.२ विषय-विवेचन

४.२.१ लेखक आणि ‘दुय्यम विश्व’

टोल्किन (१८९२–१९७३) हे भाषाशास्त्राचे आणि प्राचीन इंग्रजी साहित्याचे अभ्यासक होते. १९२५ ते १९४५ या काळात ते ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते आणि पुढे १९५९ पर्यंत त्यांनी तेथेच इंग्रजी भाषा व साहित्याचे अध्यापन केले. ‘द हॉबिट’ ही त्यांची कथा १९३७ मध्ये, तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४–५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली.

परीकथेच्या स्वरूपाविषयी टोल्किन यांनी १९३९ मध्ये एक व्याख्यान दिले होते. ते पुढे १९४७ मध्ये निबंधरूपाने प्रकाशित झाले. त्यात त्यांनी ‘दुय्यम विश्व’ ही संकल्पना मांडली आहे. आपण राहतो ते प्राथमिक विश्व. लेखक आपल्या प्रतिभेने निर्माण करतो ते दुय्यम विश्व. या विश्वाला स्वतःचे नियम असतात. जे काही घडते ते त्या नियमांना धरून घडत असेल, तर वाचक त्या विश्वात असेपर्यंत त्यावर विश्वास ठेवतो. नियम मोडला की विश्वास ढळतो. लेखकाच्या या कार्याला टोल्किन ‘उपनिर्मिती’ म्हणतात.

रोहिरिमांच्या चालीरीतींचा विचार याच दृष्टीने करायला हवा. त्या केवळ शोभेसाठी आलेल्या नाहीत. त्या या समाजाच्या अंतर्गत नियमांचे दृश्य रूप आहेत.

४.२.२ भूमी, पूर्वेतिहास आणि नावे

टोल्किन यांच्या मध्य-भूमीच्या कालगणनेनुसार रोहिरिमांचे पूर्वज ‘एओथेओद’ या नावाने उत्तरेकडे राहत. या नावाचा अर्थ ‘घोड्यांचे लोक’ असा आहे. तिसऱ्या युगाच्या २५१० या वर्षी दक्षिणेतील गॉन्डोर राज्यावर मोठे परचक्र आले. गॉन्डोरचा कारभारी किरिऑन याने मदत मागितली तेव्हा तरुण एओर्ल आपले घोडदळ घेऊन दूरवरून धावून आला आणि युद्धाचे पारडे फिरले. कृतज्ञतेपोटी किरिऑनने कालेनार्धोन हा गॉन्डोरचा विरळ वस्तीचा गवताळ प्रांत एओर्ल आणि त्याच्या लोकांना दिला. एओर्लचे लोक संख्येने वाढले होते आणि उत्तरेतील भूमी त्यांना अपुरी पडू लागली होती. त्यामुळे ते या नव्या प्रदेशात येऊन स्थायिक झाले. कादंबरीतील मुख्य घटना यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी घडतात.

येथे एक बाब लक्षात घ्यावी. हे लोक गॉन्डोरचे मांडलिक झाले नाहीत. स्वतःचा राजा आणि स्वतःचे कायदे असलेले स्वतंत्र लोक म्हणून ते राहिले; गॉन्डोरशी त्यांचे नाते कायमच्या मैत्रीचे होते.

नावांमधूनही हा स्वाभिमान दिसतो. ‘रोहान’ आणि ‘रोहिरिम’ ही नावे गॉन्डोरच्या लोकांनी दिलेली आहेत. ‘रोहान’ म्हणजे घोड्यांचा देश आणि ‘रोहिरिम’ म्हणजे घोड्यांचे स्वामी. ते स्वतः मात्र आपल्या देशाला ‘मार्क’ म्हणजे सीमाप्रदेश आणि स्वतःला ‘एओर्लिंगास’ म्हणजे एओर्लचे वंशज म्हणवतात. इतरांनी दिलेले नाव आणि स्वतःचे नाव यांतील फरक कोणत्याही समाजाच्या अभ्यासात महत्त्वाचा असतो. या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

रोहिरिमांच्या भाषेसाठी टोल्किन यांनी प्राचीन इंग्रजीचा आधार घेतला. ‘थेओडेन’ या राजाच्या नावाचा प्राचीन इंग्रजीतील अर्थच ‘लोकांचा अधिपती’ असा आहे. राजाच्या सुवर्णसभागृहाचे नाव ‘मेडुसेल्ड’ म्हणजे मधुपानाचे सभागृह. हा शब्द ‘बेओवुल्फ’ या प्राचीन इंग्रजी महाकाव्यातही आढळतो. तरीही रोहिरिम म्हणजे घोड्यावर बसवलेले प्राचीन इंग्रज, असा सरधोपट निष्कर्ष काढू नये. ही भाषिक योजना केली म्हणून दोन्ही समाज इतर सर्व बाबतींत सारखे ठरत नाहीत, असे टोल्किन यांनीच कादंबरीच्या परिशिष्टात स्पष्ट केले आहे. मराठी वाचकाला रोहानचे घोडदळ पाहून मराठ्यांच्या घोडदळाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु तो वाचकाच्या मनातील अनुबंध होय, लेखकाची प्रेरणा नव्हे. साहित्याच्या अभ्यासात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

४.२.३ घोडा : स्वातंत्र्याचे प्रतीक आणि त्याचे मोल

रोहिरिमांच्या जीवनात घोडा सर्वत्र आहे. त्यांची संपत्ती, युद्धकला, ध्वजावरील चिन्ह आणि माणसांची नावे या सर्वांत तो दिसतो. ‘एओविन’, ‘एओमेर’ या नावांच्या प्रारंभीचे पद घोडा या अर्थाच्या प्राचीन इंग्रजी शब्दापासून आले आहे. शत्रूला खंडणी म्हणून घोडे दिल्याची अफवा कानावर येते, तेव्हा राजाचा भाचा एओमेर संतापाने तिचा इन्कार करतो. साउरॉन या दुष्ट अधिपतीने पूर्वी घोडे विकत मागितले होते आणि रोहानने ते नाकारले होते. घोडा देणे म्हणजे स्वातंत्र्य देणे, असे जणू समीकरणच या समाजात आहे.

या समीकरणाचे मूळ एका आख्यायिकेत सापडते. एओर्लचा पिता लेओद हा रानटी घोडे माणसाळवण्यात निष्णात होता. त्याने एक पांढरे शिंगरू पकडले. ते वाढून देखणे आणि बलिष्ठ झाले, पण कोणालाही पाठीवर बसू देईना. लेओदने धाडस केले. घोड्याने त्याला दूर नेऊन फेकले आणि खडकावर डोके आपटून लेओदचा मृत्यू झाला. त्या वेळी एओर्ल अवघा सोळा वर्षांचा होता. पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्याची त्याने प्रतिज्ञा केली. बराच शोध घेतल्यावर घोडा दृष्टीस पडला. एओर्ल बाण सोडून त्याला ठार करील, अशी सोबत्यांची अपेक्षा होती. एओर्लने मात्र त्याला मोठ्याने हाक मारली आणि ‘फेलारोफ’ असे नवे नाव दिले. तुला तुझे स्वातंत्र्य प्रिय होते, त्याबद्दल मी तुला दोष देत नाही. पण माझ्या पित्याच्या मृत्यूची भरपाई म्हणून तू आता आयुष्यभरासाठी तुझे स्वातंत्र्य मला द्यायचे आहेस, अशा आशयाचे त्याचे बोलणे होते. घोडा शांत झाला. एओर्ल लगाम न घालता त्याच्यावर बसून घरी परतला. पुढे फेलारोफने दुसऱ्या कोणालाही पाठीवर बसू दिले नाही.

मनुष्यवधाबद्दल मृताच्या आप्तांना द्यायची भरपाई, म्हणजे ‘रक्तमूल्य’, ही प्रथा प्राचीन जर्मानिक समाजांत खरोखर होती. टोल्किन यांनी ती येथे घोड्याला लागू केली आहे. परिणामी या कथेत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एओर्ल सूडाच्या जागी न्याय आणतो आणि प्राण्याच्या स्वातंत्र्यप्रेमाला मान देतो. त्याच वेळी तो ते स्वातंत्र्य काढूनही घेतो. स्वातंत्र्यप्रिय समाजाच्या उत्पत्तिकथेतच कोणाचे तरी स्वातंत्र्य संपते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे एओर्ल युद्धात पडला तेव्हा पहिले थडगे उभारले गेले आणि फेलारोफलाही त्याच्याबरोबर तेथेच पुरण्यात आले.

४.२.४ शपथ, कायदा आणि सदसद्विवेक

स्वातंत्र्यप्रिय लोक राजा कसा मानतात, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. रोहिरिमांच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे बंधनांचा अभाव नव्हे. स्वेच्छेने दिलेल्या वचनाने माणूस बांधला जातो आणि असे वचन देण्याचा अधिकार फक्त स्वतंत्र माणसालाच असतो. गुलामाच्या शपथेला अर्थ नाही. एओर्लने किरिऑनसमोर घेतलेली शपथ ही या राज्याची जणू पायाभरणी आहे. गॉन्डोरवर संकट आले की ‘लाल बाण’ ही खूण घेऊन दूत येतो. थेओडेन राजापुढे हा बाण येतो तेव्हा त्याचे स्वतःचे राज्य नुकत्याच झालेल्या युद्धातून सावरत असते. दहा हजार स्वार नेण्याची इच्छा असूनही तो सहा हजारच नेऊ शकतो, पण जातो. पाचशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाने दिलेला शब्द तो स्वतःचा शब्द मानतो.

वचनाइतकेच महत्त्व माणसाच्या स्वतःच्या विवेकाला आहे. याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण एओमेरचे. राजाच्या परवानगीशिवाय परक्यांनी रोहानमध्ये हिंडू नये, असा त्या काळचा कायदा असतो. गवताळ माळावर एओमेरला अॅरागॉर्न आणि त्याचे दोन सोबती भेटतात. कायद्याप्रमाणे त्यांना राजापुढे नेले पाहिजे. ते आपल्या पकडलेल्या मित्रांच्या शोधात आहेत, हे कळल्यावर एओमेर त्यांना जाऊ देतो, एवढेच नव्हे तर दोन घोडेही देतो. शोध संपल्यावर घोडे परत आणून द्यावेत, इतकीच त्याची अट असते. आपण कायदा मोडत आहोत आणि त्याची शिक्षा आपल्याला भोगावी लागेल, याची त्याला पूर्ण जाणीव असते. अॅरागॉर्न पुढे घोड्यांसह मेडुसेल्डला येतो आणि शब्द पाळतो.

दुसरे उदाहरण हामा या द्वारपालाचे. राजसभेत शिरताना पाहुण्यांनी शस्त्रे दारात ठेवावीत, अशी रीत असते. गँडाल्फ या वृद्ध ज्ञानी पुरुषाच्या हातात काठी असते. ती जादूची असू शकते, हे हामाला ठाऊक असते. तरीही संशयाच्या प्रसंगी भल्या माणसाने स्वतःच्या शहाणपणावर विसंबावे, असे ठरवून तो काठी आत नेऊ देतो. त्याच्या या निर्णयामुळेच राजा ग्रीमा या कपटी सल्लागाराच्या प्रभावातून मुक्त होतो. दारावरच्या एका साध्या सेवकाने विचार केला नसता, तर राज्य वाचले नसते.

मुक्त झाल्यावर थेओडेन ग्रीमाला ठार करत नाही. माझ्याबरोबर युद्धाला चल आणि निष्ठा सिद्ध कर, नाहीतर हवे तिथे जा, असा पर्याय तो देतो. ग्रीमा जाणे पसंत करतो तेव्हा त्याला घोडाही देऊ करण्यात येतो. ज्याने आपली बुद्धी बंदिवान केली, त्यालाही निवडीचा अधिकार देणे, हे या समाजाच्या मूल्यांचे ठळक दर्शन आहे.

४.२.५ गीत, थडगी आणि स्मृती

रोहिरिम पुस्तके लिहीत नाहीत. ते गाणी गातात. अॅरागॉर्न आपल्या सोबत्यांना त्यांची ओळख करून देताना त्यांच्या औदार्याबरोबर हे वैशिष्ट्यही सांगतो. ओवी आणि पोवाडा यांच्या अभ्यासातून तुम्हाला मौखिक परंपरेचे स्वरूप परिचित आहे. लिखित नोंद नसलेल्या समाजात गीत हेच इतिहास, वंशावळ आणि नीतिशिक्षण यांचे काम करते. रोहानमध्ये वंशावळ गाण्यात राहते आणि तिची साक्ष जमिनीवरही दिसते.

एडोरास या राजधानीच्या पायथ्याशी वाटेच्या दोन्ही बाजूंना राजांची हिरवी थडगी आहेत. एका बाजूला नऊ आणि दुसऱ्या बाजूला सात. नऊ थडगी एओर्लपासून हेल्मपर्यंतच्या पहिल्या शाखेची. हेल्मचे पुत्र युद्धात मेल्यामुळे त्याचा भाचा गादीवर आला आणि दुसरी रांग सुरू झाली. थेओडेन हा सतरावा राजा. त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या रांगेत आठवे थडगे उभे राहते. या थडग्यांवर ‘सिम्बेल्म्युने’ नावाची लहान पांढरी फुले बाराही महिने फुलतात. या नावाचा अर्थ ‘चिरस्मरण’ असा होतो. एका दृष्टिक्षेपात वाचकाला राजघराण्याचा इतिहास, त्यातील खंड आणि स्मृतीचे महत्त्व, असे सारे काही कळते.

थेओडेनच्या अंत्यविधीत स्वार पांढऱ्या घोड्यांवरून थडग्याभोवती फेर धरतात आणि त्याच्यावर रचलेले गीत गातात. ‘बेओवुल्फ’च्या अखेरीसही वीराच्या थडग्याभोवती बारा योद्धे घोड्यांवरून फिरत शोक करतात. त्यानंतर सुवर्णसभागृहात भोजन होते. चारण एओर्लपासून सर्व राजांची नावे क्रमाने घेतो आणि थेओडेनचे नाव आल्यावर एओमेर प्याला रिकामा करतो. मग सर्वजण नव्या राजाच्या नावाने पेयपात्र उंचावतात. मृत राजाचे स्मरण आणि नव्या राजाची मान्यता एकाच विधीत साधली जाते. लोकांनी एकत्र येऊन नाव घेतल्याशिवाय राजेपण पूर्ण होत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो.

आपली प्रगती तपासा – १

रिकाम्या जागा भरा.
(अ) रोहिरिम आपल्या देशाला ______ म्हणतात.
(आ) एओर्लने फेलारोफकडून ______ म्हणून त्याचे स्वातंत्र्य घेतले.
(इ) राजांच्या थडग्यांवर ______ ही फुले फुलतात.
(ई) गॉन्डोरकडून मदतीची हाक म्हणून ______ ही खूण येते.

४.२.६ स्वातंत्र्याची परीक्षा

येथवर आपण रोहिरिमांच्या संस्कृतीची उजळ बाजू पाहिली. टोल्किन येथेच थांबले असते, तर हे चित्र एका आदर्श वीरसमाजाचे गौरवगीत ठरले असते. परंतु कादंबरीत तीन ठिकाणी या समाजाचे स्वातंत्र्यप्रेम कसाला लागते.

(१) एओविन : घरातील पिंजरा

एओविन ही राजाची भाची. तिला तलवार चालवता येते, घोडेस्वारी येते. युद्धाला निघताना मागे लोकांचे नेतृत्व कोणी करावे, असा प्रश्न आल्यावर हामा तिचेच नाव सुचवतो. लोकांचा तिच्यावर विश्वास असतो. तरीही सर्वांच्या मनातील तिची जागा मागे, घरात आहे. तुला कशाची भीती वाटते, असे अॅरागॉर्न विचारतो तेव्हा ती मृत्यूचे किंवा वेदनेचे नाव घेत नाही. तिला भीती वाटते पिंजऱ्याची. गजांआड राहण्याची इतकी सवय होईल की मोठे काही करण्याची इच्छाच मरून जाईल, याची. ज्या समाजात घोड्याचेही स्वातंत्र्य मानले जाते, त्याच समाजात राजघराण्यातील कन्या स्वतःला बंदिवान समजते.

अखेर ती पुरुषवेष धारण करून, ‘डर्नहेल्म’ हे नाव घेऊन सैन्याबरोबर जाते. मेरी या हॉबिटलाही राजाने मागे राहण्यास सांगितलेले असते. ती त्याला आपल्या घोड्यावर घेते. पेलेन्नोरच्या रणभूमीवर हे दोघे मिळून नाझ्गुलांच्या अधिपतीचा अंत करतात. ज्यांना युद्धासाठी अयोग्य ठरवले, त्यांनीच सर्वांत भयंकर शत्रूला मारले. पुढे गँडाल्फ एओमेरला सुनावतो की तुझ्यापाशी घोडे होते, पराक्रमाची संधी होती, मोकळे माळ होते. तिच्यात धैर्य तुझ्याइतकेच असूनही तिच्या वाट्याला एका वृद्धाची शुश्रूषा आली. तेव्हा कुठे भावाला बहिणीचे दुःख उमगते.

युद्धानंतर एओविन शस्त्र बाजूला ठेवून रुग्णसेवेकडे वळते आणि फारामिरशी विवाह करते. या शेवटाकडे दोन प्रकारे पाहता येते. बंडखोर स्त्रीला लेखकाने पुन्हा परंपरेत आणून बसवले, असे एक मत मांडता येते. तिची लढाई मुळात मृत्यूच्या ओढीतून आली होती आणि शेवटी तिने जगण्याची निवड केली, असे दुसरे मत मांडता येते. कादंबरीतील प्रसंगांचा आधार घेऊन तुम्ही स्वतःचे मत बनवावे.

(२) डनलंडचे लोक : शेजाऱ्याची जुनी जखम

रोहानच्या पश्चिमेला डनलंडमध्ये राहणारे लोक रोहिरिमांचा द्वेष करतात. सारुमान हा द्वेष भडकवून त्यांना रोहानवर चालून पाठवतो. हेल्मच्या खिंडीतील लढाईत त्यांच्या आरोळ्यांचा अर्थ गॅमलिंग हा वृद्ध योद्धा सांगतो, कारण त्याला त्यांची भाषा येते. रोहिरिमांना ते ‘पेंढ्यासारख्या केसांचे’ अशा तुच्छतादर्शक नावाने हाक मारतात. गॉन्डोरने मार्कची भूमी एओर्लला दिली, ही त्यांची तक्रार. आणि पाचशे वर्षांत ती ते विसरलेले नाहीत, हेही तोच सांगतो.

या तक्रारीवर रक्ताचे थर चढत गेले आहेत. तिसऱ्या युगाच्या २७५४ मध्ये फ्रेका या डनलंडी रक्ताच्या सरदाराने आपल्या मुलासाठी हेल्म राजाच्या कन्येला मागणी घातली. वादावादी झाली आणि हेल्मने त्याला एका ठोशात ठार केले. चार वर्षांनी फ्रेकाचा मुलगा वुल्फ सैन्य घेऊन आला. त्या युद्धात आणि त्यापाठोपाठच्या भीषण हिवाळ्यात रोहानची दैना झाली. रोहिरिमांच्या गीतांत हेल्म हा महान वीर आहे. डनलंडच्या गीतांत तो कोण असेल? रोहिरिमांना ज्या कृतज्ञतेच्या देणगीतून स्वतःचा देश मिळाला, तीच देणगी शेजाऱ्यांच्या लेखी अन्याय होती. रोहिरिमांची स्मृती जितकी दीर्घ, तितकीच त्यांच्या शेजाऱ्यांचीही.

हेल्मच्या खिंडीतील विजयानंतर मात्र हे चक्र थोडे थांबते. रोहिरिम कैद्यांना जिवंत जाळतात, असे सारुमानने डनलंडी सैनिकांना सांगितलेले असते. प्रत्यक्षात सरदार एर्कनब्रांड त्यांच्याकडून एवढेच मागतो : केलेले नुकसान भरून काढण्यास मदत करा, पुन्हा शस्त्रे घेऊन इसेन नदीचा उतार ओलांडणार नाही अशी शपथ घ्या आणि स्वतंत्रपणे घरी जा. शत्रूला शपथ घेण्यास सांगणे म्हणजे त्याला शब्दाला जागणारा स्वतंत्र माणूस मानणे होय. रोहिरिमांची सर्वांत जुनी चालच येथे शेजाऱ्यापर्यंत पोहोचते.

(३) अरण्यातील लोक : शिकारीचे सावज

तिसरा प्रसंग सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. गॉन्डोरकडे धावत निघालेल्या सैन्याचा रस्ता शत्रूने अडवलेला असतो. अशा वेळी द्रुआदान अरण्यातील आदिम लोकांचा प्रमुख घान-बुरी-घान विसरलेली जुनी वाट दाखवण्यास तयार होतो. थेओडेन त्याला मोठे बक्षीस देऊ करतो. घान ते नाकारतो. काळोख सरल्यावर आपण जिवंत राहिलो, तर आमच्या लोकांना अरण्यात सुखाने राहू द्या आणि पशूंसारखी आमची शिकार करू नका, एवढीच त्याची मागणी असते.

या एका वाक्यातून वाचकाला एक सत्य कळते. ज्यांच्या औदार्याची गाणी आपण आतापर्यंत ऐकली, ते रोहिरिम या लोकांना माणूस समजत नव्हते. त्यांना दिलेले ‘रानटी माणसे’ हे नावही त्याचेच द्योतक आहे. ४.२.२ मध्ये आपण पाहिलेला नावांचा मुद्दा येथे वेगळ्या अर्थाने समोर येतो : स्वतःचे नाव अभिमानाने सांगणारे लोक दुसऱ्याला मात्र माणुसकी नाकारणारे नाव देतात. कोणत्याही गीताने हे सांगितले नव्हते. ते पीडितालाच सांगावे लागले.

थेओडेन वचन देतो. त्या वाटेने सैन्य वेळेवर पोहोचते. पुढे अॅरागॉर्न राजा झाल्यावर द्रुआदान अरण्य घान-बुरी-घानच्या लोकांना कायमचे देतो आणि त्यांच्या परवानगीशिवाय कोणीही आत जाऊ नये, अशी घोषणा करतो. एके काळी परक्यांनी परवानगीशिवाय आपल्या भूमीवर येऊ नये, असा कायदा रोहिरिमांनी केला होता. तोच हक्क अखेर अरण्यातील लोकांनाही मिळतो.

४.२.७ निष्कर्ष : चालीरीतीकडून मूल्याकडे

वरील विवेचनातून कल्पित संस्कृतीच्या वाचनाची एक पद्धत हाती येते. प्रथम चालरीत नोंदवावी : शपथ, थडगे, गीत, दारात शस्त्र ठेवणे. मग तिच्यामागचे मूल्य शोधावे : वचन, स्मृती, विवेक. आणि शेवटी ते मूल्य कोणापर्यंत पोहोचते व कोणापाशी थांबते, हे तपासावे. रोहिरिमांच्या बाबतीत ते घरातील स्त्रीपाशी, सीमेवरील शेजाऱ्यापाशी आणि अरण्यातील माणसापाशी थांबले होते. कादंबरीच्या ओघात यांतील प्रत्येक सीमा काही प्रमाणात पुढे सरकते. थेओडेनचे मोठेपण रणांगणावरील मृत्यूत आहेच. पण घान-बुरी-घानला दिलेल्या वचनात ते अधिक आहे. स्वतःचे स्वातंत्र्य राखण्यासाठी शौर्य लागते. दुसऱ्याचे स्वातंत्र्य मान्य करण्यासाठी आपल्याच गीतांत काय सांगायचे राहून गेले, हे ऐकून घेण्याची तयारी लागते.

४.३ सारांश

रोहिरिम हा टोल्किन यांनी प्राचीन इंग्रजी भाषा आणि काव्यपरंपरा यांच्या आधारे निर्माण केलेला कल्पित समाज आहे. घोडा, शपथ, मौखिक गीतपरंपरा, राजांची थडगी आणि व्यक्तीचा सदसद्विवेक ही त्यांच्या संस्कृतीची प्रमुख अंगे होत. या सर्वांच्या मुळाशी स्वातंत्र्याचे मूल्य आहे. त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे स्वेच्छेने दिलेल्या वचनाने बांधून घेण्याचा अधिकार. एओविन, डनलंडचे लोक आणि घान-बुरी-घान यांच्या निमित्ताने लेखक या मूल्याच्या मर्यादा दाखवतो आणि त्या ओलांडण्याची शक्यताही सूचित करतो.

४.४ पारिभाषिक शब्द

दुय्यम विश्व : लेखकाने निर्माण केलेले, स्वतःचे सुसंगत नियम असलेले कल्पित विश्व.
उपनिर्मिती : असे विश्व घडवण्याची लेखकाची निर्मितिक्रिया.
रक्तमूल्य : मनुष्यवधाबद्दल मृताच्या आप्तांना द्यायची भरपाई.
मौखिक परंपरा : लिखित नोंदींऐवजी कथन आणि गायन यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ज्ञान.
मांडलिक : दुसऱ्या सत्तेचे वर्चस्व मान्य करून राज्य करणारा.

४.५ ‘आपली प्रगती तपासा – १’ची उत्तरे

(अ) मार्क (आ) रक्तमूल्य (इ) सिम्बेल्म्युने (ई) लाल बाण

४.६ स्वाध्याय

(अ) पुढील प्रश्नांची सुमारे दीडशे शब्दांत उत्तरे लिहा.
१. एओर्ल आणि फेलारोफ यांच्या कथेतून रोहिरिमांच्या मूल्यव्यवस्थेविषयी काय सूचित होते?
२. हामा आणि एओमेर यांच्या निर्णयांची तुलना करा.
३. रोहानमधील थडगी आणि गीते इतिहासाचे कार्य कसे करतात, ते लिहा.

(आ) पुढील प्रश्नांची सविस्तर उत्तरे लिहा.
१. ‘रोहिरिमांचे स्वातंत्र्यप्रेम त्यांच्या सीमेपाशी संपते.’ या विधानाची साधकबाधक चर्चा करा.
२. एओविनच्या व्यक्तिरेखेच्या शेवटाविषयी तुमचे मत साधार मांडा.

(इ) उपक्रम
तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी अद्भुतरम्य किंवा ऐतिहासिक कादंबरीतील समाजाच्या तीन चालीरीती नोंदवा. प्रत्येक चालीमागचे मूल्य लिहा आणि ते मूल्य त्या समाजातील कोणाला लागू होत नाही, याचा शोध घ्या.